बीसीसी पाकिटावर, पत्रात नाही: कोडातून ईमेल पाठवताना गुप्त प्रती कशा सांभाळायच्या

इंदूरच्या बहुतेक मराठी मंडळांत हल्ली एक बिनपगारी पद असतं: "आपल्याकडचा तो कॉम्प्युटरवाला मुलगा". गणेशोत्सवाची वर्गणी, दिवाळी पहाटचे पास, व्याख्यानमालेची पत्रिका, सगळं त्याच्या स्क्रिप्टमधून ईमेलने जातं. रामबागेतले काका एक्सेलची यादी हाती देतात आणि निघताना सांगतात, "सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसायला नकोत हं. आणि एक प्रत मला, गुपचूप." हा लेख त्या मुलासाठी किंवा मुलीसाठी आहे.

काकांच्या बोलण्यात खरं तर दोन कामं आहेत. एक, शेकडो सभासदांना एकमेकांचे पत्ते न दाखवता एकच मजकूर पोचवणं. दोन, एका निरोपाची प्रत तिसऱ्या माणसाला नकळत देणं. दोन्हींसाठी लोक डोळे मिटून बीसीसी (ब्लाइंड कार्बन कॉपी, म्हणजे बाकीच्यांना न दिसणारी प्रत) वापरतात. माझं मत स्पष्ट आहे: दुसरं काम बीसीसीचं आहे, पहिलं नाही. पहिल्याकडे लेखाच्या उत्तरार्धात येतो. आधी बीसीसी नेमकं चालतं कसं ते पाहू, कारण बहुतेक गोंधळ तिथेच होतो.

(कमांडा, फंक्शनं आणि हेडर, म्हणजे मेलच्या माथ्यावरच्या टू, फ्रॉम अशा ओळी, यांची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टाइप अर्थातच रोमनमध्ये करायची.)

पाकीट वेगळं, पत्र वेगळं

लग्नपत्रिका आठवा. पाकिटावर ज्याचं नाव, त्याच्या घरी पोस्टमन पत्रिका टाकतो. आत कोणाची नावं छापली आहेत ते तो उघडून बघत नाही. एसएमटीपीमध्ये, म्हणजे मेल पाठवायच्या ठरलेल्या पद्धतीत, तसंच आहे, आणि तिथला शब्दही एन्व्हलप, म्हणजे पाकीट, असाच आहे. मेल पाठवताना क्लायंट आणि सर्व्हर यांच्यात साधारण असं बोलणं होतं (२५० म्हणजे "ठीक", ३५४ म्हणजे "आता पत्र पाठव"):

क्लायंट: मेल फ्रॉम, सचिवांचा पत्ता
सर्व्हर: २५०
क्लायंट: आरसीपीटी टू, सभासदाचा पत्ता
सर्व्हर: २५०
क्लायंट: आरसीपीटी टू, काकांचा पत्ता
सर्व्हर: २५०
क्लायंट: डेटा
सर्व्हर: ३५४
क्लायंट: फ्रॉम, टू, सब्जेक्ट या ओळी, मग एक रिकामी ओळ, मग मजकूर, आणि शेवटी नुसता टिंब असलेली ओळ
सर्व्हर: २५०

मेल कोणाकोणाला जाणार ते आरसीपीटी टू या ओळींनी ठरतं. डेटानंतर जे जातं ते आतलं पत्र. त्यातली टू, सीसी ही हेडरं वाचणाऱ्याच्या माहितीसाठी असतात, पोचवणाऱ्या सर्व्हरचं त्यांच्यावाचून काही अडत नाही. वरच्या संवादात काकांचा पत्ता फक्त पाकिटावर आहे, पत्रात कुठेच नाही. बीसीसी म्हणजे इतकंच. एसएमटीपीमध्ये बीसीसी नावाची कमांडच नाही.

हे लक्षात आलं की नेहमीच्या दोन तक्रारींचं मूळ दिसतं. "बीसीसीवाल्याला मेल गेलाच नाही" म्हणजे पत्ता हेडरमध्ये लिहिला पण पाकिटावर घातला नाही. "बीसीसीवाल्याचं नाव सगळ्यांना दिसलं" म्हणजे पाकिटावर घातला, पण हेडरची ओळ काढायची राहिली.

नियम १९८२ पासूनचे आहेत. तेव्हा पाकिटाचे नियम आरएफसी (इंटरनेटचे नियम मांडणारे क्रमांकित दस्तऐवज) ८२१ मध्ये आणि पत्राचे आरएफसी ८२२ मध्ये वेगवेगळे छापले गेले. आज २००८ च्या आरएफसी ५३२१ आणि ५३२२ मध्येही ती विभागणी तशीच आहे. ५३२२ बीसीसीच्या तीन रीती मान्य करतो. पहिली, बीसीसीची ओळ काढून तोच मेल सगळ्यांना पाठवायचा. दुसरी, टू आणि सीसीवाल्यांना ओळ काढलेली प्रत आणि बीसीसीवाल्यांना ओळ असलेली वेगळी प्रत. तिसरी, बीसीसी ही ओळ रिकामी ठेवायची, म्हणजे "कोणालातरी गुप्त प्रत गेली आहे" एवढंच कळतं. कोडातून काम करताना पहिली रीत धरा. दुसरीत प्रती सांभाळायचा व्याप वाढतो, आणि तिसरीने मंडळात नसत्या चर्चा सुरू होतात.

ओळ काढायची कोणी?

खरा प्रश्न हा आहे, आणि प्रत्येक लायब्ररीचं उत्तर वेगळं आहे. म्हणून कोड लिहिण्याआधी एक गोष्ट कागदावर लिहून ठेवा: माझ्या व्यवस्थेत बीसीसीची ओळ कोण काढतो? मी, लायब्ररी, की सर्व्हर?

पायथनपासून सुरुवात करू, कारण मंडळांच्या बहुतेक स्क्रिप्टा त्यातच असतात. एसएमटीपीलिबमध्ये पाठवायची दोन फंक्शनं आहेत. जुनं सेंडमेल तीन गोष्टी मागतं: पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्यांची यादी आणि तयार मजकूर. ते हेडरकडे ढुंकूनही बघत नाही. तुम्ही निरोपाला बीसीसी हेडर लावलं आणि अॅज-स्ट्रिंग करून सेंडमेलला दिलं, तर ती ओळ जशीच्या तशी बाहेर जाते. यादीत काकांचा पत्ता घातला नसेल तर मजा आणखीच: काकांचं नाव सगळ्यांना दिसतं आणि काकांना मेल मिळत नाही.

दुसरं फंक्शन सेंड-मेसेज, पायथन ३.२ पासूनचं. त्याला ईमेल-मेसेज ऑब्जेक्ट दिला की ते टू, सीसी, बीसीसी या तिन्ही हेडरांतून पाकिटाची यादी स्वतः करतं आणि पाठवताना बीसीसीची ओळ गाळतं. नवीन कोडात हेच वापरा. एक खाच मात्र आहे. टू-अॅड्रेसेस हा पॅरामीटर तुम्ही स्वतः दिलात तर हेडरांतून यादी बनवायचं काम ते सोडून देतं, ओळ गाळायचं काम मात्र करतंच. परिणाम असा की बीसीसीवाला गुपचूप गळतो आणि एररसुद्धा येत नाही. म्हणून दोन्हींपैकी एकच करा: एकतर सगळं हेडरांवर सोडा, नाहीतर यादी पूर्णपणे स्वतः बनवा.

सेंडमेलची आणखी एक जुनी खोड सांगून ठेवतो. घेणाऱ्यांच्या जागी स्वल्पविरामांनी जोडलेली एक स्ट्रिंग दिली तर ते तिला एकच पत्ता समजतं. यादी द्यायची ती खरी लिस्टच द्या. आणि एक्सेलमधून आलेली ओळ स्वल्पविरामावर तोडू नका, कारण "जोशी, रामबागवाले" अशा नावातही स्वल्पविराम असतो. ईमेल-यूटिल्समधलं गेट-अॅड्रेसेस नाव आणि पत्ता नीट वेगळे करून देतं.

पीएचपीकडे वळू. मेल हे फंक्शन लिनक्सवर आतून सेंडमेल प्रोग्रामला (पायथनच्या फंक्शनशी फक्त नाव सारखं) टी हा पर्याय लावून हाक मारतं. टीचा अर्थ असा: घेणारे हेडरांतून शोध आणि बीसीसीची ओळ पुसून टाक. म्हणून पीएचपीत नुसतं बीसीसी हेडर लिहिलं तरी काम होतं. या सवयीने माणूस बिघडतो. तोच पुढे दुसऱ्या भाषेत थेट एसएमटीपी वापरतो, तिथेही हेडर लिहून मोकळा होतो, आणि ओळ पुसणारं तिथे कोणीच नसतं. पीएचपीमेलर घेतलं तर अॅड-बीसीसी वापरा आणि हेडर हाताने लिहू नका.

जँगो या पायथनच्या वेब-फ्रेमवर्कमध्ये ईमेल-मेसेज या क्लासला बीसीसी हा पॅरामीटर आहे. तो पाकिटात जातो, हेडरमध्ये उतरत नाही. सेंड-मेल या सोप्या फंक्शनला मात्र बीसीसी घेताच येत नाही, म्हणून काही जण हेडर्स डिक्शनरीत बीसीसी कोंबतात. तसं करू नका, क्लासचा बीसीसी पॅरामीटरच वापरा. जावास्क्रिप्टमधलं नोडमेलर बीसीसी फील्ड घेऊन पाकीट बनवतं आणि हेडर टाळतं, पण एन्व्हलप हा पर्याय तुम्ही स्वतः दिला की पाकिटासाठी फक्त त्याचंच ऐकतं. जावातल्या मेल लायब्ररीचा एसएमटीपी ट्रान्सपोर्ट लिहिताना बीसीसी वगळतो. गो भाषेच्या नेट-एसएमटीपीचं दस्तऐवज सरळ सांगतं: बीसीसी पाठवायचं तर पत्ता टूच्या यादीत घाला, मजकुराच्या हेडरांत घालू नका. मला ही भूमिका सगळ्यांत प्रामाणिक वाटते, कारण तिथे जबाबदारी कोणाची यावर वाद उरत नाही.

आता सर्व्हर. पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर मूळ सेटिंगमध्ये आलेल्या मेलमधली बीसीसीची ओळ स्वतःच काढून टाकतो. ऐकायला छान, पण टेस्टिंगसाठी घातक. तुमच्या मशीनवरच्या पोस्टफिक्समधून पाठवताना कोडातली चूक झाकली जाते, आणि ज्या दिवशी मंडळ दुसऱ्या रिलेवर, म्हणजे मेल पुढे पोचवणाऱ्या सर्व्हरवर, जातं त्या दिवशी उघडी पडते. सर्व्हर काढेल या भरवशावर राहू नका. मेल तुमच्या प्रोसेसमधून बाहेर पडताना स्वच्छ असला पाहिजे.

पाठवण्याचं फंक्शन एकच असू द्या

प्रोजेक्टमध्ये दहा ठिकाणी एसएमटीपीची हाक असेल तर त्यातली एक कधीतरी चुकणारच. सगळं एका फंक्शनमधून जाऊ द्या. टू, सीसी, बीसीसी या तीन वेगळ्या लिस्टा आणि मजकूर, एवढंच त्याने घ्यावं. आत पुढचा क्रम ठेवा.

आधी तिन्ही लिस्टा एकत्र करून पाकिटाची यादी बनवा आणि दुहेरी पत्ते काढा. काका टूमध्येही असतील आणि बीसीसीमध्येही, तर त्यांना दोन प्रती जाऊ शकतात. तुलना करताना अक्षरं लहान करून घ्या. मग हेडरं लिहा: टू आणि सीसी लिहायची, बीसीसी लिहायचीच नाही. जे लिहिलंच नाही ते काढायचा प्रश्नही नाही. बाहेरून आलेला मेसेज ऑब्जेक्ट पुढे ढकलायचा असेल तर त्यातून बीसीसी आणि रीसेंट-बीसीसी दोन्ही डिलीट करा. मग पाकिटाची यादी आणि मजकूर एसएमटीपीला द्या.

त्यानंतर परत आलेलं उत्तर वाचा. ही पायरी लोक हमखास गाळतात. पायथनमध्ये सगळे पत्ते नाकारले गेले तरच एक्सेप्शन येतं. एक जरी स्वीकारला गेला तरी फंक्शन शांतपणे परततं आणि नाकारलेले पत्ते कोड व कारणासह डिक्शनरीत देतं. टूवाल्याला मेल गेला, काकांचा मेलबॉक्स ५५० म्हणून नाकारला गेला, तर तुम्हाला ते फक्त तिथेच कळेल. गुप्त प्रत न पोचल्याची तक्रार कोण करणार? ती यायची होती हे बाकीच्यांना ठाऊकच नसतं.

टूमध्ये कोणीच नसेल तर? सध्याच्या नियमांनुसार टू नसलेला मेल वैध आहे, अनिवार्य फक्त फ्रॉम आणि डेट. तरीही रिकामा टू विचित्र दिसतो. तिथे पाठवणाऱ्याचाच पत्ता घाला, किंवा अनडिस्क्लोज्ड-रेसिपियंट्स हा शब्द, पुढे कोलन आणि सेमीकोलन. हा पत्त्यांचा रिकामा गट आहे आणि नियमांत बसतो.

एपीआयची गोष्ट उलटी

एचटीटीपी एपीआयमधून, म्हणजे एसएमटीपीऐवजी एखाद्या सेवेला वेबवरून विनंती करून, पाठवताना वरचं सगळं आंधळेपणाने लावू नका. जीमेल एपीआयला कच्चा मेल दिला की ते घेणारे टू, सीसी, बीसीसी हेडरांतूनच वाचतं. म्हणजे तिथे बीसीसी हेडर लिहावंच लागतं. सेंडग्रिड या मेल पाठवणाऱ्या सेवेत पर्सनलायझेशन नावाचा भाग असतो. एकाच पर्सनलायझेशनच्या टूमध्ये सगळे सभासद घातले तर सगळ्यांना सगळे दिसतात. वेगळेपणा हवा तर प्रत्येकाला स्वतःचं पर्सनलायझेशन द्या. एकच पत्ता टू आणि बीसीसी दोन्हीकडे आला तर सेंडग्रिड विनंतीच नाकारतं. अॅमेझॉन एसईएस एका मेलला टू, सीसी, बीसीसी मिळून ५० घेणारे देतं, आणि कोट्यात प्रत्येक घेणारा वेगळा मोजतं.

तपासायचं कसं

सगळ्यात स्वस्त तपासणी: पायथनमध्ये सेट-डीबग-लेव्हल १ करा आणि सर्व्हरशी झालेला संवाद स्क्रीनवर वाचा. काकांचा पत्ता आरसीपीटी टूमध्ये दिसला पाहिजे आणि डेटानंतर एकदाही दिसता कामा नये.

कायमच्या टेस्टसाठी एआयओएसएमटीपीडी ही छोटा मेल सर्व्हर उभा करणारी पायथन लायब्ररी वापरा. जुनं एसएमटीपीडी मॉड्यूल पायथन ३.१२ मध्ये काढून टाकलं आहे. एआयओएसएमटीपीडीत एक छोटा हँडलर लिहा, हँडल-डेटा या मेथडला एन्व्हलप मिळतो. एन्व्हलपच्या आरसीपीटी-टूज या यादीत गुप्त पत्ता आहे का, आणि कंटेंट या बाइट्समध्ये तो नाही ना, अशा दोन अॅसर्ट पुरतात. एकच अॅसर्ट ठेवली तर दोनपैकी एक बिघाड निसटतो. शोध पत्त्यावर घ्या, नावावर नाही: देवनागरी नाव हेडरमध्ये बेस-६४ सारख्या सांकेतिक रूपात जातं, त्यामुळे "काका" शोधून काहीच सापडणार नाही आणि टेस्ट खोटी पास होईल.

शेवटी खऱ्या सर्व्हरवरून वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्वतःच्या तीन खात्यांना पाठवा: एक टू, एक सीसी, एक बीसीसी. जीमेलमध्ये शो ओरिजिनल उघडून कच्चा मेल वाचा. बीसीसीच्या खात्यात डिलिव्हर्ड-टू या ओळीत त्याचा स्वतःचा पत्ता दिसेल. ती त्याच्याच सर्व्हरने टाकलेली असते, घाबरू नका.

आता काकांचं पहिलं काम

चारशे सभासदांची यादी बीसीसीत टाकायची का? माझं उत्तर: नाही, प्रत्येकाला वेगळा मेल. लूप लावा, प्रत्येक फेरीत टूमध्ये एकच माणूस. मग लपवायला काही उरतच नाही. कोणी लायब्ररी बदलली, रिले बदलला, कोणी घाईत सीसी लिहिलं, तरी गळायला दुसऱ्याचा पत्ता त्या मेलमध्ये नसतो. शिवाय "सप्रेम नमस्कार" नंतर नाव घालता येतं, वर्गणीची बाकी घालता येते, आणि कोणाचा मेल परत आला ते नेमकं कळतं.

मर्यादाही ध्यानात ठेवा. आरएफसी ५३२१ प्रमाणे सर्व्हरने एका मेलला निदान १०० घेणारे तरी स्वीकारले पाहिजेत. त्यापुढे ४५२ म्हणून उरलेले परत केले जाऊ शकतात. फुकटच्या जीमेल खात्याला दिवसाला ५०० घेणाऱ्यांची सीमा आहे. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांचं निमंत्रण त्याच सकाळी पाठवायला बसलात आणि सीमा लागली, तर उरलेल्यांना मिरवणूक संपल्यावर कळेल. यादी दोन-तीन दिवसांत विभागा आणि दोन मेलांमध्ये थोडा थांबा ठेवा. जीमेलच्या खात्यांना दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना फेब्रुवारी २०२४ पासून एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आला हे पटवणाऱ्या नोंदी) आणि जाहिरातवजा मेलांत एका क्लिकचं अनसबस्क्राइब बंधनकारक आहे. मंडळ तिथवर पोचणार नाही, पण एसपीएफ आणि डीकेआयएम लावून ठेवाच.

"पत्ते दिसले तर काय बिघडलं, सगळे ओळखीचेच" असं काका म्हणतील. त्यांना ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाचं उदाहरण सांगा. २०२१ मध्ये त्यांनी अफगाणिस्तानातून बाहेर पडू पाहणाऱ्या २४५ जणांना एक मेल पाठवला आणि सगळ्यांचे पत्ते टूमध्ये राहिले. तालिबानच्या हाती ती यादी लागली असती तर जिवावर बेतलं असतं. तिथल्या माहिती आयुक्तांनी डिसेंबर २०२३ मध्ये मंत्रालयाला साडेतीन लाख पौंडांचा दंड केला. आपल्याकडेही २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे.

खऱ्या बीसीसीतही गळती होते

कोड बरोबर असूनही गुपित फुटायच्या काही वाटा राहतात. बीसीसीवाल्याने रिप्लाय ऑल दाबलं की खेळ संपला. काम बीसीसीचंच असलं तरी अशी भीती असेल तिथे काकांसारख्यांसाठी स्वतंत्र मेल बरा: तोच मजकूर, वर "आपल्या माहितीसाठी", टूमध्ये फक्त काका. आरएफसी ५३२१ सुद्धा सुचवतो की प्रत्येक गुप्त प्रत वेगळ्या व्यवहारात, एकाच आरसीपीटीने पाठवणं सोयीचं ठरू शकतं. प्रत्येक मेलची नोंद हवी असेल तर ती कोडातून करूच नका. पोस्टफिक्समध्ये ऑलवेज-बीसीसी ही सेटिंग आहे, ती लावा.

परत आलेला मेल पाकिटावरच्या मेल फ्रॉमच्या पत्त्यावर जातो, आणि त्यात न पोचलेल्याचा पत्ता लिहिलेला असतो. मेल फ्रॉममध्ये कार्यकारिणीचा सामायिक मेलबॉक्स असेल तर काकांची गुप्त प्रत तिथे सगळ्यांसमोर येते. तसंच लॉगचं. डीबगची पातळी प्रॉडक्शनमध्ये चालू राहिली तर पूर्ण पाकीट लॉग फाइलीत उतरतं. लॉगमध्ये घेणाऱ्यांची संख्या आणि मेसेज-आयडी लिहा, पत्ते नकोत.

वेबसाइटवरच्या "संपर्क करा" फॉर्मलाही एकदा हात घाला. नावाच्या किंवा विषयाच्या खान्यात कोणी नवी ओळ घालून पुढे बीसीसी आणि हजार पत्ते लिहिले, आणि तुमच्या कोडाने ते तसंच हेडरला चिकटवलं, तर मंडळाचा सर्व्हर स्पॅम वाटायला लागतो. पायथनचा ईमेल-मेसेज हेडरमध्ये नवी ओळ आली की व्हॅल्यू-एरर देतो, जँगोही असा मेल नाकारतो. पीएचपीत हेडरांची स्ट्रिंग हाताने जोडत असाल तर कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड असलेली विनंती सरळ नाकारा. ती साफ करून वापरायचा मोह टाळा, कारण साध्या माणसाच्या नावात नवी ओळ कधीच नसते.